दाराला लिंब व्हता तवा

माझ्या बापानं माझ्या दारात पाणी मागितलं आन् मी दिलं न्हाई. हे आधीच सांगून टाकते, न्हाईतर लिहिता लिहिता मी भलतंच काहीतरी सांगत बसेन, दुष्काळाचं, उन्हाचं, शेजारणीचं, आन् हे राहूनच जाईल. तोंडानं सांगताना तसंच हुतंय माझं. सातवीपस्तोर शिकले, आठवीची पुस्तकं आणली व्हती, पण लगीन ठरलं आन् ती पुस्तकं भावानं वापरली. म्हून अक्षर वाकडं येईल, पण लिहिते.

नवा जिल्हा झाला ते साल. लातूरला जिकडं बघावं तिकडं हापिसांची बांधकामं निघाली व्हती आन् आमचे हे तिथं गवंड्याच्या हाताखाली. कामावरच राहायचे, आठ दिसाला यायचे, कवा पंधरा. मी मुरुडला, आमच्या वस्तीत, एक खोली आन् पुढं पत्र्याचं सप्पर. सासू-सासरे न्हाईत. मी आन् नऊ महिन्यांची पोरगी, दोघीच. माहेर माझं जळकोटच्या पुढं, नांदेड जिल्ह्यात. आबा मनायचे, "तुला दिली तवा उस्मानाबाद जिल्ह्यात दिली, आता तू लातूरची झालीस. घर तेच, चूल तीच, सरकारनं तुला बसल्या जागी नांदवायला दुसरीकडं धाडलं बघ." आन् सोताच हसायचे.

त्या साली पाण्याचा टँकर तिसऱ्या दिशी यायचा. आला तर. पोरीला काखंत मारून मी दोन घागरी भरायची, एकीवर ताट झाकून ठेवायची, तिला हात लावायची न्हाई. तर घरात पाणी न्हवतं असं काही न्हाई. आबा आले तवा एक घागर गळ्यापस्तोर भरलेली व्हती. हे बी लिहून ठेवते.

पोरीच्या अंगावर पुरळ आलं. आधी मानंला, मग काखंत, मग पाठीवर, बारीक बारीक लाल. अंग गरम. आता उन्हाळ्यात पत्र्याखाली कुणाचं अंग गरम राहत न्हाई, पण मला तवा ते सुचलं न्हाई. मागल्या गल्लीतलं एक लेकरू गोवरानं गेलं व्हतं, पंधरा दिस बी झाले न्हवते. त्याच्या मायीचं रडणं मी माझ्या चुलीपाशी बसून ऐकलं व्हतं. मी पोरीला घेऊन शेजारच्या मावशीकडं पळाले. मावशी मंजे सख्खी न्हवं, वस्तीतलीच एक म्हातारी, सगळ्या पोरी तिला इचारूनच लेकरं वाढवायच्या.

मावशीनं लांबूनच बघितलं आन् पदर तोंडाला लावला. "देवी आलीया. घरला जा. दाराला कडुलिंबाचा डहाळा बांध, मोठा बांध. सात दिस कुणी आत न्हाई, कुणी भाईर न्हाई. फोडणी देऊ नको, लेकराला आंघूळ घालू नको, रडू तर अजिबात नको. आन् घरातलं भाईर काही द्यायचं न्हाई. चुलीतला इस्तू न्हाई, मीठ न्हाई, पाणी न्हाई. दिलं की लेकरू त्याच्यासंगं गेलं."

मी मनले, "मावशी, पण आपल्यात करतेत का हे आता?"

"आपल्यात!" मावशी मनली. "ताप काय दीक्षा इचारून येतो व्हय गं? भिंतीवरचे फोटो असू दे की भिंतीवर. लिंब दाराला बांध. ते दोघं काय एकमेकाशी भांडायलेत का? भांडतीत ती माणसं."

मी बांधला. तिनंच डहाळा आणून सपराच्या खांबापाशी टाकला, जवळ आली न्हाई. बांधताना मला आबा आठवले, खोटं कशाला बोलू. आबांनी दीक्षा घेतली तवा मिसरूड फुटत व्हतं त्यांना. घरी येऊन त्यांनी कोनाड्यातले देवाचे टाक, परडी, सगळं धोतरात बांधलं आन् नदीत सोडून आले. आजी त्यांच्याशी वरीसभर बोलली न्हवती. आमच्या घरात कुणाला देवी आली, कुणाचा कोप झाला, असं बोललेलं चालायचं न्हाई. "आजार हाय, आजार मना," असं मनायचे. मला हे सगळं ठावूक व्हतं. पण आबा जळकोटच्या पुढं आन् लेकरू माझ्या मांडीवर. मी गाठ पक्की मारली.

दुसऱ्या दिशी दुपारी आबा आले.

मी दार लोटून आत बसले व्हते, पोरीला पदरानं वारा घालत. भाईर चपलांचा आवाज आला. आबांची चप्पल टायरची, तिचा आवाज मला झोपंत बी कळंल. मी उठून दार बोटभर उघडलं.

"आबा, तिथंच थांबा! सपरात येऊ नका!"

आबा थांबले. खांद्यावर पिशवी, डोक्यावर रुमाल, तोंड उन्हानं काळंनिळं. "काय गं बाई, कुत्रं पाळलंस का काय?"

"पोरीला देवी आलीया."

त्यांनी डहाळ्याकडं बघितलं. मला वाटलं आता वरडतील, तोडून फेकतील, आन् खरं सांगते, माझ्या मनात कुठंतरी व्हतं की फेकावा, मंजे माझ्या डोक्यावरचं वझं उतरंल, जे व्हायचं ते आबांच्या नावावर. पण ते वरडले न्हाईत. माझ्या तोंडाकडं बघत राहिले. माझं तोंड तवा कसं व्हतं कोणास ठावूक. पिशवी खाली ठेवली अन् मनले, "दाव बरं लेकराला. लांबूनच दाव."

मी फटीतून पोरीला धरलं. त्यांनी कपाळावर हात धरून, डोळे बारके करून बघितलं.

"इत्तंच व्हय? हे घामोळं हाय बाई. तुला बी असंच यायचं, हितंच, मानंला. तुझी माय थंड फडक्यानं पुसायची."

"आबा, असं बोलू नका! कोप हुईल."

"बरं. न्हाई बोलत."

मग मनले, "घोटभर पाणी दे. उदगीरपासून उभाच आलो, एस्टीत पाय ठेवायला जागा न्हाई. स्टँडावरचा हौद बी कोरडा पडलाय."

मी मनले, "आबा, घरातलं पाणी भाईर देता येत न्हाई. सात दिस."

त्यांना वाटलं मी भांड्याचं म्हणायले. भांड्याला दुसऱ्याचा हात लागू नये असं काहीतरी. म्हून ते दोन पावलं पुढं आले, सपराच्या काठावर वाकले, आन् दोन्ही हात जोडून वंजळ केली.

"भांडं नगं देऊ. वरून वत."

माझा बाप. ल्हानपणी मोठ्या लोकांच्या गल्लीत त्यांना असंच पाणी मिळायचं, वरून, धार कोपरापस्तोर जायची, निम्मं मातीत. ते आमाला सांगायचे, "माझ्या लेकरांनी कुणाच्या दारात वंजळ करायची न्हाई. तांब्या हातात देत असतील तर प्यायचं, न्हाईतर तसंच पुढं चालायचं." आन् आमच्या घरी कुणी बी येवो, आधी त्याच्या हातात तांब्या, मग कोण, कुठलं. त्या माणसानं माझ्या दारात वंजळ केली, मला भ्या वाटायलंय म्हून केली.

मी तेबी दिलं न्हाई. पोरीला छातीशी धरलं आन् मान हलवली.

आबांनी हात तसेच थोडा येळ धरले. मग धोतराला पुसले, जसे काही वलेच व्हते. "बरं बरं. हाटेलात पितो. तू लेकराला जप. रडू नको. जमलं तर दवाखान्यात दाव एकदा." पिशवी सपराच्या काठावर सरकवली अन् गेले. मी फटीतून बघत राहिले. गल्लीच्या वळणावर त्यांनी रुमाल काढून पुन्हा बांधला. तेवढंच. पिशवीत शेंगा, थोडं ज्वारीचं पीठ, आन् पोरीला एक पिवळं झबलं, मोठं आणलेलं, पुढल्या वर्षी बी येईल असं.

पाचव्या दिशी माझ्या माहेरच्या गावचा एक माणूस आला, लातूरला कामाला निघालेला, निरोप द्यायला वाट वाकडी करून. डहाळा बघून तो गल्लीतच उभा राहिला अन् तिथूनच मनला, "तुमचे वडील गेले काल. सडकंच्या कामावर खडी फोडता फोडता पडले. ऊन लागलं मनतेत. आज माती हाय." त्याला एस्टी गाठायची व्हती. "लातूरपस्तोर संगं येता का?" मनला, "तर थांबतो जरा."

मावशी तिच्या दारात उभी. हातानं न्हाई न्हाई करायली. "सात झाले न्हाईत गं! अर्ध्यात मोडलं तर लेकरू हातचं जाईल! आन् रडू नको!"

मी गेले न्हाई. त्या माणसाला मनले, "लेकराला देवी हाय." तो गेला.

आत येऊन दार लावलं. पदर तोंडात कोंबला. रडायचं न्हाई मंजे काय करायचं ते कुणी सांगितलं न्हवतं. मी परातीत पीठ घेतलं अन् मळत बसले, आबांनीच आणलेलं पीठ. मळलं, पुन्हा मळलं, पाणी जास्ती झालं, पुन्हा पीठ घातलं. पोरगी समोर बसून पाठ खाजवायली आन् मला बघून हसायली, दोन दात दिसायले. घरात माणूस मेल्यावर वस्ती दारात येते, कुणी भाकर आणून देतंय, कुणी गळ्यात पडतंय, कुणी नुसतंच बसतंय. माझ्या दारात कुणी आलं न्हाई. लिंब व्हता ना. बाया गल्लीतून जाताना चालायचा येग वाढवायच्या. मी दिवसभर भिंतीला सांगत बसले की माती झाली असंल आता, आता झाली असंल, आता लोकं घरला गेले असतील. आन् माझ्या डोक्यात माती न्हवती, ती वंजळ व्हती. घागर कोपऱ्यात, ताट झाकून.

त्या दिशी मला वाटलं, देवी असंल तर तिनं लेकरू सोडलं आन् आबांना नेलं, कारण ते घामोळं मनले. असं वाटून मला जरा बरं बी वाटलं. हे लिहायला लाज वाटतीय. पण वाटलं व्हतं, की लेकरू तर वाचलं.

सहाव्या दिशी आमचे हे आले, लातूरला कुणीतरी सांगितलं म्हून धावत आलेले. त्यांनी डहाळा बघितला, एका हिसक्यात तोडला. "येडी झालीस का? बाप मेला तुझा आन् तू हितं डहाळं बांधून बसलीस?" पोरीला उचललं, मला वढत दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं झबलं वर केलं, बघितलं, आन् हसला. "घामोळं आहे. आंघोळ घालता का हिला?" मी मनले न्हाई. "किती दिवस?" मी मनले सहा. "थंड पाण्यानं पुसा, पातळ कपडा घाला. बस." दुसरं औषध बी दिलं न्हाई.

हे मला वाटंत काही बोलले न्हाईत. बोलले असते तर बरं झालं असतं. आबा आले व्हते हे यांना ठावूक न्हवतं. मी सांगितलं न्हाई.

आबांच्या जलदानाच्या विधीला आमी माहेरी गेलो. भावानं मला दारातच गाठलं. तो नांदेडला कामाला, तिथून मातीला येळेत पोचला व्हता. "या. परजिल्ह्याचे पाव्हणे आले. मातीला सवड न्हवती, आता सवड झाली?" मी मनले, "लेकराला..." तो मनला, "माहीत हाय, देवी. आबांच्या लेकीच्या घरी देवी." आन् आत गेला. त्याचं बरोबरच व्हतं.

पण माय मला बिलगली. मला वाटलं आता इचारंल. तिनं इचारलं न्हाई, तिनं सांगितलं. रडत रडत सगळ्या बायांपुढं सांगितलं, "तुझ्याकडून आले तवाच अंगात कसकस व्हती गं. पण खुशीत व्हते. मनले, पोरगी बरी हाय, लेकरू बरं हाय, जरा घामोळं आलंय. मनले, लेकीनं पितळीच्या तांब्यात गार पाणी दिलं, दोन तांबे प्यालो. जेवा मनत व्हती पण एस्टी चुकली असती. दोन दिस अंगात तसंच असून कामावर गेले. माझं ऐकलं न्हाई. पण लेकीच्या हातचं पाणी पिऊन गेले, माय."

बाया मनल्या, "हाव गं. तेवढं तरी नशिबात व्हतं."

आबांनी तांब्या पितळीचा बी सांगितला, दोन बी सांगितले. तो पितळी तांब्या त्यांनीच दिलेला, लग्नात, माझं नाव घालून. एस्टीत बसून त्यांनी ते जुळवलं असंल का, की दारात पोचल्यावर मायीनं इचारल्यावर सुचलं, ह्याचा मी लई इचार करते. कोरड्या तोंडानं जुळवलं असंल.

मग जलदान झालं. पाणी लांबून आणलेलं, एक घागर. ताटात वाटी ठेवतेत, गाथा म्हणत असताना त्या वाटीत तांब्यानं हळूहळू पाणी वतायचं, वाटी भरून ताटात सांडस्तोवर वतत राहायचं, आन् घरचे सगळे एकमेकाच्या हाताला हात लावून बसतेत. माय मनली, लेकीच्या हातानं होऊ द्या, लेकीचं पाणी पिऊन गेले ते. तांब्या माझ्या हातात दिला. मी वतलं. वाटी भरली, सांडली, ताट भरायला आलं तरी माझा हात थांबंना. भावानं मनगट धरलं. "बस की. दुष्काळ हाय."

दोन महिन्यांनी माय माझ्याकडं आली, चार दिस राहिली. पोरीला खेळवलं, गोधडी शिवून दिली, मावशीशी बी गप्पा मारल्या. मी चारी दिस मावशीच्या तोंडाकडं बघत व्हते, ती बोलते का म्हून. तिनं काही काढलं न्हाई. जायच्या दिशी सकाळी मायीनं गठुडं बांधलं आन् मांडणीकडं बघून मनली, "कोणता गं तो तांब्या? नाव घातलेला ना? मला दे तो. तुला मी दुसरा घेऊन देईन. त्यांच्या फोटोजवळ ठेवते, रोज पाणी भरून."

तांब्या मांडणीवर व्हता, घासून ठेवलेला. काढून द्यायचा, बस. मी काढला बी. मायीनं दोन्ही हात पुढं केले घ्यायला. ते दोन हात पुढं आलेले बघितले आन् मला देववंना. आबांनी कवा तोंड बी न लावलेला तांब्या ती रोज भरणार, रोज त्याच्याशी बोलणार, मरस्तोवर.

"ह्यातून न्हाई माय," मी मनले.

"मग कोणता?"

"कोणताच न्हाई."

तिला कळंना. मी सांगितलं. लिंबाचं, सात दिसाचं, घागर भरलेली व्हती ते बी. मधी थांबले तर पुन्हा बोलता येणार न्हाई म्हून दम न घेता सांगितलं. माय हळूच खाली बसली.

"त्यांनी मागितलं व्हतं का?"

न्हाई मनता आलं असतं. "मागितलं," मी मनले. "वंजळ केली. वरून वत मनले."

"वंजळ? त्यांनी?"

"हाव."

माय कितीतरी येळ गठुड्याची गाठ सोडत व्हती आन् बांधत व्हती. मला वाटलं मारंल, मी त्याचीच वाट बघत व्हते. मग ती उठली, पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला, गठुडं घेतलं. स्टँडावर मी संगं गेले. ती एस्टीत खिडकीपाशी बसली, माझ्याकडं बघितलं न्हाई. तांब्या माझ्याच हातात राहिला, मी तो तसाच घेऊन स्टँडावर गेले व्हते, का ते ठावूक न्हाई.

मी वरीसभर माहेरी गेले न्हाई. तिनं बी बोलावलं न्हाई. मग भावाच्या घरी लेकरू झालं, बारशाचा निरोप आला, हे मनले, जाऊन ये. मी गेले. पोरगी तवा चालत व्हती, ते पिवळं झबलं तिला आता बरोबर बसलं व्हतं. माय दारात व्हती. ती आत गेली, पाण्याचा तांब्या आणून माझ्या हातात दिला. कुणी बी आल्यावर देतेत तसाच. मी उभ्यानं प्याले, सगळा.

दुपारी बाया जमल्या. माय सुपात ज्वारी निवडत बसलेली. शेजारच्या एका बाईनं आबांचं काढलं, अशाच उन्हाचे गेले मनली, आन् मग मायीला इचारलं, "हिच्याकडूनच आले व्हते ना वो, शेवटी?"

माय सुपातले खडे बाजूला करत राहिली.

"हाव," ती मनली. "हिच्याकडूनच. पितळीच्या तांब्यात गार पाणी दिलं हिनं. दोन तांबे प्याले."

माझ्याकडं बघितलं न्हाई. एक खडा उचलून दाराकडं फेकला.

त्या बाईनं माझ्याकडं बघून मान हलवली. "नशीबवान हायस बाई," मनली.

मी हाव मनले.